स्कर्ट कोणी शिवला?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रीडरिश झायडनश्ट्युकर नावाचा छायाचित्रकार बर्लिनच्या रस्त्यांवर कॅमेरा घेऊन हिंडत असे. झू स्टेशनाजवळ साचलेल्या पाण्यावरून उड्या मारणाऱ्या बायकांचे त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. पाऊस नुकताच पडून गेलेला, फरसबंदी ओली, आणि एक बाई डबक्यावर अधांतरी. डोक्याला घट्ट बसणारी टोपी, टाचांचे बूट, गुडघ्याशी संपणारा स्कर्ट. पाय असे फाकलेत की ती नक्की पलीकडे पोचणार.

हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलंच नाही, स्कर्टच्या दुमडीकडे गेलं. ही उडी त्या दुमडीने शक्य केली आहे. १९१० च्या सुमारास पॅरिसमधून जी फॅशन युरोपभर गेली, तिच्यात स्कर्टचा घेर घोट्याशी इतका आवळलेला असे की बाईला वीतभरच पाऊल टाकता यायचं. ट्रामची पायरी चढायची म्हणजे दोन्ही हातांनी कापड वर ओढायचं. ती बाई आणि डबक्यावरून उडणारी ही बाई यांच्यात जेमतेम १५-२० वर्षांचं अंतर आहे. फोटोतली बाई चाळिशीची असेल, तर तरुणपणी तिने स्वतःच तो आवळ स्कर्ट नेसलेला असणार.

मधल्या वर्षांत काय काय झालं हे फॅशनच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, ते मला पटत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे सुमारे २० लाख सैनिक मेले. पुरुष आघाडीवर असताना बर्लिनच्या ट्रामवर बायका कंडक्टर झाल्या, दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका उभ्या राहिल्या, आणि त्या कामांना लांब घेर चालत नव्हता. कापडाची इतकी टंचाई झाली की कपडा घ्यायला सरकारी परवाना लागू लागला, आणि कागदाच्या सुताचं कापड विणलं जाऊ लागलं. युद्ध संपलं, राजा पळाला, आणि जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं. त्या राष्ट्रीय सभेत ३७ स्त्रिया निवडून आल्या. मग १९२३ ची महागाई आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं साठवलेली रक्कम मध्यमवर्गीय घरांतून काही महिन्यांत नाहीशी झाली. हुंडा गेला, आणि ज्या पिढीतून नवरे मिळायचे तिच्यातले कितीतरी तरुण खंदकांत पुरलेले. मुलीने टंकलेखन शिकावं, हा विचार तिथल्या बापांना अचानक सुधारकी वृत्तीने सुचला नव्हता. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता. १९२५ च्या जनगणनेत जर्मनीत १ कोटी १० लाखांहून अधिक स्त्रिया कमावत्या म्हणून नोंदल्या गेल्या.

बर्लिन तेव्हा कसं होतं? १९२० मध्ये आजूबाजूची गावं आणि उपनगरं सामावून घेतल्यावर शहराची वस्ती एकदम ३८ लाखांच्या वर गेली. पोट्सडामर प्लाट्झला पाच रस्ते एकत्र येत. तिथे १९२४ मध्ये दिव्यांचा मनोरा उभारावा लागला आणि त्यात बसून पोलीस वाहतूक सांभाळू लागला. खाली ट्राम, दुमजली बस, टॅक्सी, हातगाड्या, आणि कडेला टोपल्या मांडून बसलेल्या फुलवाल्या. चौकाचौकांत जाहिरातींचे ते गोल, जाडजूड खांब. हे खांब एर्न्स्ट लिटफास या बर्लिनच्याच मुद्रकाने १८५० च्या दशकात आणले, आणि आजही शहरात ते आहेत. सकाळी उपनगरी गाड्यांतून मुली उतरत आणि बँकांच्या, विमा कंपन्यांच्या, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांकडे जात. त्यांच्या चालण्याचा वेग त्या काळच्या चलत्चित्रांतही जाणवतो.

त्यांच्या कपड्यांत मला जे सगळ्यांत आवडतं, ते मासिकांच्या मुखपृष्ठांवर कधी आलं नाही. गडद रंगाचा एकच झगा आणि त्याला काढता-घालता येणारी पांढरी कॉलर आणि कफ. कॉलर रात्री धुवायची, इस्त्री करायची, सकाळी चार टाक्यांत किंवा टिचबटणांनी परत लावायची. झगा तोच, पण बाई रोज स्वच्छ दिसते. कमी पगारात नीटनेटकं राहण्याची ती विद्या होती. पायात कृत्रिम रेशमाचे मोजे. बेंबेर्ग या जर्मन कारखान्याचे मोजे प्रसिद्ध होते. खरं रेशीम परवडायचं नाही आणि कृत्रिम रेशीम फार चकाकायचं, म्हणून चमक मारायला मुली त्यावर पावडर लावत. मोज्याचा एक टाका सुटला की वरपासून खालपर्यंत शिडी पडे. ते सुटलेले टाके बारीक आकड्याने एकेक उचलून देणाऱ्या बायका असत, आणि त्यांचाही त्यावर संसार चाले.

आणि केस. कानाशी कापलेल्या केसांना तिथे बुबिकॉफ म्हणत, म्हणजे पोराचं डोकं. त्यावरून घराघरांत किती रडारड झाली असेल, हे वेणी कापून घरी गेलेल्या कोणाही मराठी मुलीला सांगायला नको. पण केस कापण्यामागे बंड जितकं होतं, तितकाच वेळेचा हिशोब होता. न्हाणीघर नसलेल्या, चार बिऱ्हाडांत एक नळ असलेल्या घरातून साडेसातला निघायचं तर कमरेपर्यंतचे केस धुवायचे आणि वाळवायचे कधी?

दुपारी आशिंगरची खाणावळ. शहरात तिच्या अनेक शाखा होत्या, आणि तिथे वाटाण्याच्या सुपाबरोबर छोटे पाव हवे तितके मिळत, फुकट. महिनाअखेरीला बर्लिनमधली किती माणसं त्या पावांवर जगली असतील. जानेवारीत मोठ्या दुकानांत ‘पांढरा आठवडा’ लागे. वेर्टहाइम, टीट्झ यांच्या काचेच्या छताखालची दालनं चादरी, टेबलक्लॉथ, रुमाल, आतले कपडे यांनी पांढरीशुभ्र होऊन जात. घेणाऱ्यांपेक्षा बघायला येणारे जास्त. काउंटरच्या मागे उभी असलेली मुलगी दिवसभर रेशमाला हात लावायची आणि संध्याकाळी कापूस घालून घरी जायची.

म्हणून या मुलींना लावला जाणारा ‘नवी स्त्री’ हा शब्द ऐकला की मी जरा थांबते. ती खरीच नवी होती, पण तिच्या हातात काय पडत होतं तेही सांगितलं पाहिजे. पगार पुरुषापेक्षा कमी. लग्न झालं की नोकरी सोडावी ही अपेक्षा. मंदी आली तेव्हा तर ‘एका घरात दोन पगार कशाला’ अशी ओरड सुरू झाली, आणि १९३२ च्या मे महिन्यात विवाहित स्त्रियांना सरकारी नोकरीतून काढता यावं असा कायदाच झाला. तोही हिटलर येण्याच्या आधी.

या मुली झगे विकत घेत, तसे घरीही शिवत. कोखश्ट्रासेवरच्या उल्श्टाइन या प्रकाशनगृहाची मासिकं लाखांनी खपत, आणि त्यांचे कागदी बेतही दुकानांत मिळत. बेत आणायचा, कापडावर टाचायचा, खडूने खुणा करायच्या, आणि पॅरिसचा म्हणून मासिकात छापलेला झगा रविवारपर्यंत अंगावर. याच उल्श्टाइनच्या हस्तकला विभागात १९१६ ते १९२६ हाना ह्योख ही चित्रकार काम करत होती. भरतकामाचे, लेसचे नमुने काढायचे, हे तिचं पोटाचं काम. उरलेल्या वेळात ती त्याच मासिकांची पानं कात्रीने कापून चित्रं रचायची. ‘दादा’ नावाच्या, प्रस्थापित कलेची टर उडवणाऱ्या कलाचळवळीत ती होती, पण तिथल्या पुरुषांनी तिला कायम कडेला ठेवलं. आज त्यांच्यातल्या कित्येकांपेक्षा तिचं काम जास्त जिवंत वाटतं. भरतकाम करणाऱ्या बायकांसाठी तिने १९१८ मध्ये लिहिलं होतं की तुमचं भरतकाम हा तुमच्या काळाचा दस्तऐवज आहे, हे निदान ओळखा. शिवणाचा डबा आणि चित्रकाराचं टेबल तिने एकाच कात्रीने जोडले. तिच्या चित्रांत मला बेतलेल्या कापडाची धार दिसते.

आता मूळ प्रश्न. जो झगा घरी शिवला नाही, तो कोणी शिवला?

बर्लिनच्या मध्यभागी हाउसफोग्टाइप्लाट्झ नावाचा छोटा चौक आहे. मी इथे राहायला आले तेव्हा भुयारी रेल्वेने रोज त्याखालून जायचे, आणि बरेच महिने एकदाही उतरले नाही. उतरले तेव्हा वर जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्यांवर नावं दिसली. एकेका पायरीच्या उभ्या बाजूवर कपड्यांच्या जुन्या पेढ्यांची नावं. वर चौकात उंच आरसे उभे केलेत, कपडे घालून पाहायच्या आरशांसारखे. २००० सालचं हे स्मारक आहे. तयार कपड्यांचा बर्लिनचा सगळा धंदा या चौकाभोवती होता. त्याला तिथे ‘कॉन्फेक्त्सिऑन’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात मान्हाइमर, गेर्सन अशा पेढ्यांनी ठरावीक मापांचे कोट आणि झगे आधीच शिवून ठेवायला सुरुवात केली. धंद्यातले कितीतरी मालक ज्यू होते. शिंप्यांच्या जुन्या संघटनांची दारं ज्यूंना पिढ्यान् पिढ्या बंद होती, जुन्या कपड्यांची खरेदी-विक्री तेवढी मोकळी होती, आणि त्या अनुभवातून ही माणसं तयार कपड्यांकडे वळली. विसाच्या दशकात बर्लिनचे व्यापारी पॅरिसला जाऊन नवे नमुने पाहत, काही विकत घेत, परत येऊन त्यांतली भपकेदार कलाकुसर कमी करत आणि कचेरीत जाणाऱ्या मुलीला परवडेल असा माल काढत. वर्षातून दोनदा देशोदेशीचे खरेदीदार उतरत. हॉलंड, इंग्लंड, स्कँडिनेव्हिया, अमेरिका. बर्लिनची ही कल्पकता होती, आणि पॅरिसची नक्कल म्हणून तिला हिणवणं अन्यायाचं आहे. पॅरिसने झगा काढला, पण टंकलेखिकेच्या अंगावर तो घातला बर्लिनने.

पेढीत फार थोडं शिवलं जायचं. तिथे नमुना ठरायचा, कापड निवडलं जायचं. पुढचं काम मधल्या मास्तराकडे जायचं. त्याला ‘त्स्विशेनमाइस्टर’ म्हणत. तो कापड उचलायचा, थोडं आपल्या खोलीत चार मुली बसवून शिवायचा, आणि बाकीचं घरोघरच्या बायकांना वाटायचा. प्रेन्झलाउअर बेर्ग, वेडिंग, नॉयकोल्न या कामकरी वस्त्या. रस्त्याकडे तोंड केलेली एक इमारत, तिच्यामागे अंगण, त्यामागे दुसरी इमारत, परत अंगण. आतल्या अंगणांत ऊन पोचत नसे. तिथे खिडकीशी मशीन. बर्लिनपासून काही तासांवर विटेनबेर्गेला सिंगरचा मोठा कारखाना होता, आणि मशीन हप्त्यांनी मिळे. हंगामात रात्रंदिवस काम, हंगाम संपला की हात रिकामे. पैसे नगावर. दोरा बाईचा, सुई बाईची, दिव्याचा खर्च बाईचा.

माझी आई इचलकरंजीत दुकानातून बेतलेले ब्लाउज आणून असेच नगावर शिवायची. काजं-बटणं आणि हातशिलाई माझ्याकडे असे. म्हणून बर्लिनची ती व्यवस्था मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. मालक, मधला माणूस, आणि शेवटी खिडकीशी बसलेली बाई. टिपा सरळ आल्या नाहीत तर उसवून परत, आणि त्या वेळेचे पैसे नाहीत.

१८९६ च्या फेब्रुवारीत बर्लिनमधल्या या शिवणकामगारांनी मोठा संप केला होता, आणि त्यात पुढे असलेल्या बहुतेक बायका होत्या. १९०६ मध्ये घरकामगारांच्या हलाखीवर बर्लिनमध्ये प्रदर्शन भरलं. त्याचं जाहिरातीचं भित्तिपत्रक केटे कोल्विट्झ या चित्रकर्तीने काढलं होतं. एका कामकरी बाईचा थकलेला, डोळ्यांखाली काळं आलेला चेहरा. ते चित्र झाकलं जाईपर्यंत सम्राज्ञीने प्रदर्शनात पाऊल टाकायला नकार दिला. कोल्विट्झला ते चेहरे शोधायला कुठे जावं लागलं नव्हतं. तिचा नवरा शिंपीकामगारांच्या आजारपण निधीचा डॉक्टर होता. प्रेन्झलाउअर बेर्गमधल्या एकाच घरात दवाखाना आणि बिऱ्हाड होतं, आणि तिथे ती दोघं जवळजवळ ५० वर्षं राहिली. शिवणाऱ्या बायका येत, पोरं घेऊन येत, डॉक्टर आत तपासत असताना बाहेर बसून राहत. त्यांच्यातल्या किती जणी तिच्या कागदावर उतरल्या असतील. डबक्यावरून उडणाऱ्या बाईचा फोटो आणि कोल्विट्झची चित्रं आपण वेगवेगळ्या दालनांत बघतो. माझ्या मते ती एकाच कापडाची सुलट आणि उलट बाजू आहे.

विसाच्या दशकाच्या शेवटी या शहरात एक मराठी मुलगी शिकत होती. इरावती कर्वे. डालेममधल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली ती कवट्यांची मोजमापं घेत होती. कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. या असमानतेत वंशांचा चढउतार सापडेल, अशी फिशरची धारणा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांतून तसा काही संबंध निघाला नाही, आणि त्यांनी तो निघाला नाही असंच लिहिलं. परक्या देशातली, विशीतली विद्यार्थिनी, समोर पदवी देणारा प्राध्यापक. मला त्या प्रबंधाबद्दल फार अभिमान वाटतो. डालेमहून शहरात येताना याच गाड्यांत, याच मुलींच्या शेजारी त्या बसल्या असतील. १९३३ मध्ये हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या वंशकल्पनेला त्यांनी प्रतिष्ठा दिली, तिने हाउसफोग्टाइप्लाट्झवर काय केलं ते आता सांगायला हवं.

त्याआधी स्कर्ट खाली आला. १९२९ च्या शरदात पॅरिसने पोटऱ्या झाकल्या. सरळ, पोत्यासारखा झगा गेला आणि उरेब कापाचा, अंगाला लपेटणारा झगा आला. कापड जास्त लागू लागलं आणि माप अचूक लागू लागलं. सरळ काप घरी नवशिक्या मुलीलाही जमत होता. उरेब कापड मात्र टीप मारताना ओढलं जातं आणि दुमड लोंबते. त्याच सुमाराला बाजार कोसळला. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत ६० लाखांहून अधिक लोक बेकार होते. गुडघ्यापर्यंतच्या जुन्या झग्यांना वेगळ्या रंगाचे पट्टे जोडून लांबी वाढवलेले कपडे या काळात दिसतात. त्यांच्याकडे बघताना मला मुखपृष्ठांवरच्या झग्यांपेक्षा जास्त काही कळतं.

१ एप्रिल १९३३ ला ज्यू दुकानांच्या दारांत नाझी गणवेशातले पहारेकरी उभे राहिले. त्याच वर्षी ‘आदेफा’ नावाची कपडे उत्पादकांची संघटना निघाली. ज्यूंना या धंद्यातून हुसकावणं हाच तिचा उद्देश होता. पुढे कपड्यांच्या आतल्या बाजूला तिची चिठ्ठी शिवली जाऊ लागली, हा माल आर्य हातांचा आहे असं सांगणारी. कोल्विट्झला कला अकादमीतून बाहेर पडावं लागलं. ईवा या नावाने काम करणारी फॅशन छायाचित्रकार एल्झे नॉयलेंडर, जिच्या फोटोंनी या काळातल्या झग्यांना त्यांचा तोरा दिला, तिला १९३८ मध्ये काम करायला बंदी झाली. १९४२ मध्ये तिला पूर्वेकडे पाठवून मारण्यात आलं. १९३८ च्या नोव्हेंबरात देशभर ज्यूंवर हल्ले झाले, त्या रात्री हाउसफोग्टाइप्लाट्झच्या आसपास पेढ्या फोडल्या गेल्या आणि कापडाचे तागे रस्त्यावर आले. पेढ्या कवडीमोलाने दुसऱ्यांच्या नावावर झाल्या. १९३९ मध्ये आदेफा विसर्जित झाली, कारण हाकलायला कोणी उरलं नव्हतं.

आणि तरी जर्मन बायकांना झगे लागत होतेच. पोलंडमधल्या लोद्झ शहरातल्या बंदिस्त ज्यू वस्तीत शिवणाचे कारखाने उभे केले गेले. तिथे सैन्याच्या गणवेशांबरोबर जर्मन दुकानांसाठी बायकांचे झगे, टोप्या, कॉर्सेटसुद्धा शिवून घेतले गेले. मजुरी म्हणून जेमतेम जीव टिकेल इतकं अन्न, आणि कित्येकांचा तेवढ्यावर टिकला नाही. हे वाचल्यावर काही दिवस मला मशीनला हात लावता आला नव्हता.

पायऱ्यांवर पेढ्यांची नावं आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. खिडकीशी बसलेल्या बायकांची नावं कुठे मिळतील, या विचाराने मी बर्लिनच्या जुन्या पत्तापुस्तकांकडे गेले. शहरातल्या ग्रंथालयाने ती सगळी पाहायला खुली केली आहेत. त्यांत एक भाग रस्त्यांप्रमाणे लावलेला असतो. घर क्रमांक, त्यातली बिऱ्हाडं, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि धंदा. सुतार, गवंडी, पोस्टमन, मग मध्येच ‘शिवणकाम’. पण कुटुंबप्रमुख पुरुष असेल तर त्याचाच धंदा लिहिलेला असतो. नवरा गवंडी असेल तर घर गवंड्याचं, मग त्याची बायको रोज बारा तास टिपा मारत का असेना. म्हणजे या पुस्तकात शिवणारी बाई तेव्हाच दिसते, जेव्हा ती विधवा असते किंवा एकटी. १९२० च्या दशकातल्या पुस्तकांत विधवा पुष्कळ आहेत. सध्या मी प्रेन्झलाउअर बेर्गमधला एकेक रस्ता घेऊन त्या नावांची वही करते आहे.